कोपरा कापलेली बारा पत्रं

सर्वप्रथम एक खुलासा करतो: मी जिवंत आहे. असा खुलासा करायची वेळ माझ्यावर का आली, हे सांगायचं तर जरा मागं जावं लागेल, आणि जरा बोलावंही लागेल. मी बोलतो थोडा जास्त. पण त्याबद्दल आजवर कुणी लेखी तक्रार केलेली नाही.

माझं नाव बाजीराव गराडे. नाव ऐकून लोकांना घोडा आणि तलवार दिसते. प्रत्यक्षात मी वडगावच्या एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं जुने कागद सांभाळले. कुणाच्या आज्याच्या शेताची हद्द कुठल्या बाभळीपाशी संपते हे मी झोपेतून उठवलं तरी सांगू शकतो. निवृत्तीनंतर तळेगावात स्टेशनजवळ बैठ्या घरात राहतो. बायको राजेश्वरी दहा महिन्यांपूर्वी गेली. मुलगी अनिता हैदराबादला असते.

अनिताला मी रोज संध्याकाळी सहा वाजता फोन करतो आणि दिवसभराचा वृत्तान्त देतो. दूध किती वाजता आलं, दूधवाला काय म्हणाला, त्यावर मी त्याला काय सुनावलं. ती मधूनमधून "हं" म्हणते. घरात आता हं म्हणणारं कुणी नाही. कुकरची शिट्टी मीच लावतो, मीच मोजतो आणि तीन झाल्या की मोठ्यानं "झाल्या गं" म्हणतो. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही.

एके दिवशी अनिता हं सोडून वेगळं काही बोलली. "बाबा, लोणावळ्यात एक शिबिर असतं. कागदकाम करून घेतात. जवळचं माणूस गेलेल्यांसाठी. मनाला बरं वाटतं म्हणे."

"अगं, छत्तीस वर्षं कागदकामच केलं मी. मनाला काहीही वाटलं नाही."

"जाऊन तर बघा. माझ्यासाठी."

गेलो. लोणावळ्याला एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात अकरा बायका आणि मी. बाहेर श्रावणातलं धुकं, समोरचा माणूस दिसेना. शिकवायला शहनाज मॅडम. त्यांचा आवाज इतका हळू, की मला उठून पहिल्या रांगेत बसावं लागलं. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक रंगीत कागद दिला आणि म्हणाल्या, "आज काही बनवायचं नाही. फक्त हळूहळू फाडायचं."

आता बघा. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात उंदरानं कुरतडलेला कागदसुद्धा पंचनामा केल्याशिवाय टाकला नाही, त्याला कागद फाडायला सांगायचं! मी हरकत घेतली. कारणं दिली. इंग्रजांच्या काळात दप्तर कसं बांधत, इथपर्यंत पोचलो होतो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, फाडा हळूच. कागदाला दुखत नाही."

मी फाडला. चर्र असा बारीक आवाज झाला. आणि काय झालं मला कळलं नाही, दुसऱ्या कागदाला हात घातला तेव्हा मी रडत होतो. तेराव्याला रडलो नव्हतो, कारण तेराव्याला मी आचाऱ्याशी बोलत होतो. शेजारच्या बाईंना मी म्हणालो, धुकं डोळ्यांत जातंय. त्यांनी रुमाल दिला, कारण त्यांच्याही डोळ्यांत गेलं होतं.

तर मला हे कागदकाम आवडलं, हे मी उघड कबूल करतो. घरचा अभ्यास म्हणून प्रत्येकाला गेलेल्या माणसाची चिकटवही करायची होती. आठवणीचे कागद, फोटो, चिठ्ठ्या चिकटवायच्या, रंगीत कागदाची फुलं कापून लावायची. पहिलं पान मॅडमनी छापूनच दिलं होतं. त्यावर एकच प्रश्न: "या व्यक्तीला सर्वांत जास्त काय आवडायचं?" आणि खाली बारीक अक्षरात: "तुम्हाला तिचं काय आवडायचं, ते इथे लिहू नये."

बाकीची वही मी चार दिवसांत उडवली. टोच्यानं भोकं पाडली, जाड दोऱ्यानं शिवली, पानांना नंबर टाकले, समास सोडला, शेवटी अनुक्रमणिका जोडली. रेशनकार्डाची प्रत, मतदार चिठ्ठी, दवाखान्याचे कागद, लग्नाची पत्रिका, सगळं तारीखवार. राजेश्वरीचं दप्तर असं लागलं, की कुठल्याही साहेबानं तपासणीला यावं. फक्त पहिलं पान कोरं.

एकेचाळीस वर्षांचा संसार. मी पेन्सिल घेऊन बसलो. चहा? चहा ती करायची खरी, पण आवडायचा मलाच. मोगरा? तो मी आणायचो, अनितानं शाळेत असताना एकदा सांगितलं होतं की आईचं त्यानं डोकं दुखतं. सिनेमा? सिनेमात मी तिला गोष्ट समजावून सांगायचो, तेव्हा ती पडद्याकडं बघत असायची का माझ्याकडं, मला आठवेना. शेवटी 'भजन' लिहिलं. दर गुरुवारी दुपारी ती न चुकता भजनी मंडळात जायची. पण लिहून झाल्यावर लक्षात आलं, की घरात तिला एकही अभंग गुणगुणताना मी ऐकलेलं नाही. मी जिच्यासाठी रडतोय ती कोण, हेच मला माहीत नव्हतं. ते पान भरल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नव्हतं.

शेजारच्या अंबाजीला विचारलं. अंबाजी आमच्या आळीचा सल्लागार. त्याला विचारावं लागत नाही, कुंपणावर कोपर टेकलं की सल्ला सुरू. "भाऊ, बाईमानसाला काय आवडतं? सोनं आवडतं आन् माहेर आवडतं. दोन्ही लिवा, एक तरी लागू पडंल."

असं अंदाजपंचे लिहिणं माझ्या स्वभावात नाही. मी ठरवलं, तिला ओळखणाऱ्या बारा माणसांकडून लेखी माहिती मागवायची. फोनवर का नाही? एक तर फोनवर मीच बोलतो आणि समोरचा हं म्हणतो. दुसरं असं, की माझा फोन खळीत पडला होता.

खळीचं सांगायचं राहिलं. बाजारचा डिंक पावसाळ्यात सुटतो, तेव्हा कणकेची खळ शिजवा, हा अंबाजीचा सल्ला. मी अर्धं पातेलं शिजवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर हिरवी लव आली, तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. चौथ्या दिवशी ढवळताना खिशातला फोन सुळकन आत गेला. अंबाजी म्हणाला, तांदळात पुरा, पाणी शोषून घेतो. पुरला. पाणी शोषलं असेल, पण खळ वाळून फोनची वडी झाली. अनिताला अंबाजीच्या फोनवरून कळवलं, की दुरुस्त होईपर्यंत सहाचा वृत्तान्त बंद.

पत्रांसाठी जाड कागदाची कार्डं कापली. शिबिरात मिळालेल्या पंचानं कोपरे कापायचे होते, चारी कोपरे, म्हणजे कार्ड गोंडस दिसतं. पण पंचातही खळ गेलेली. कसाबसा प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापला आणि पंच कायमचा मिटला. मी कार्डं अंबाजीला दाखवली. तो म्हणाला, "झ्याक. एका कोपऱ्यानं कशी डौलदार दिसत्यात."

मजकूर मी कचेरीच्या पद्धतीनं लिहिला. वर ठळक अक्षरात विषय: "कै. सौ. राजेश्वरी हिच्या आवडीबाबत." खाली: "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तिला सर्वांत जास्त काय आवडायचं हे आपणांस ठाऊक असल्यास उलट टपाली कळवावे."

पोस्टात खिडकीवर नुसरत नावाची मुलगी बसते. तिनं कार्ड उलटसुलट केलं. "काका, हे पाकिटात घालून द्या ना. उघडं कशाला?"

"उघडं असू दे. कलाकुसर दिसली पाहिजे."

"आणि हा कोपरा?"

"ती फॅशन आहे."

तिनं पट्टी काढून लांबी मोजली, रुंदी मोजली. मी टपाल आणि दप्तर यांच्या संबंधावर थोडं बोललो. मागं रांग वाढली. रांगेतल्या एकानं "घ्या ओ ताई त्यांचं, सुटू द्या" अशी विनंती केली, आणि बाराही कार्डं एकदाची गेली.

त्यानंतर चौथा दिवस, रविवार. खळीत मोरचूद घातलं की कीड लागत नाही, असं अंबाजीला उशिरा आठवलं होतं. मोरचूद सोमाटण्याच्या एका दुकानात मिळतं म्हणून मी सकाळीच निघालो. मागच्या दारानं गेलो, पुढच्या दाराला आतून लॅच. सोमाटणे फाट्यावर पर्यटकांच्या गाड्या अशा तुंबल्या होत्या, की परत यायला दोन तास लागले. रेनकोट, डोक्यावर टोपडं, हातात निळ्या खड्यांची पुडी अशा थाटात मी गल्लीत वळलो, तर माझ्या दारासमोर ही गर्दी.

पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं, पदर डोळ्यांना लावलेल्या बाया. कडेला टेम्पो आणि टेम्पोत बांबू. मी मागं उभ्या असलेल्या एका गृहस्थांना विचारलं, "कोण गेलं हो?"

"बाजीराव. कचेरीतलं."

मला वाटलं, दुसरा कुणी असेल. "कुठले बाजीराव?"

"आवो ह्याच घरातलं. एकटाच व्हता. बायकू गेल्यावं मानूस कितीसा टिकतोय?"

विधान बिनचूक होतं. मी मान डोलावली. माझ्या मरणाला मी स्वतः चटकन हरकत घ्यायला हवी होती, हे मान्य. पण खरं सांगतो, माझ्या दारात इतक्या चपला मी तेराव्यानंतर पहिल्यांदा पाहत होतो. मला बरं वाटलं. आणि विचारू नये ते मी विचारलं. "माणूस कसा होता?"

"व्हता बरा. पर लय बोलायचा. एकदा उतारा मागाय गेलतो, तर माज्याच आज्याचा इतिहास मलाच सांगितला. गाडी चुकली माजी."

पुढं अंबाजी व्यवस्था बघत होता. "काल सांजच्याला बोललोय मी त्यांच्याशी. ठणठणीत होते!"

"आरं, सांगावा तर काल दुपारीच आलाय आमच्याकडं," कुणीतरी म्हणालं.

अंबाजीनं क्षणभर विचार केला आणि आवाज खाली आणला. "तरीच. काल जरा गप गपच वाटत व्हते."

तेवढ्यात माझ्या साडूचा मुलगा कैलास टेम्पोतून पहार घेऊन आला. आतून लॅच, हाक मारून उत्तर नाही, तेव्हा दार मोडायचं ठरलं होतं. आता मात्र मी पुढं घुसलो. "थांब" म्हणायला तोंड उघडलं, आणि पायरीवर बसलेल्या म्हातारीचा आवाज ऐकून तसाच उभा राहिलो. ती धोंडाबाई होती, राजेश्वरीची थोरली बहीण, तिकोणा पेठेची. मी तिला आक्का म्हणतो. तिला दोन हातांपलीकडचं दिसत नाही.

"लय सोसलं माज्या रतननं," ती शेजारच्या बाईला सांगत होती. रतन हे राजेश्वरीचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं मी राजेश्वरी लिहिलं. तिला विचारलं नव्हतं, तेव्हा कुणीच विचारत नसे. "दर गुरवारी शेजारच्या घोरावाडीच्या ठेसनात जाऊन बसायची माजी बाय."

"आवो, ती तर भजनाला जायची ना?" ती बाई म्हणाली.

"कशाचं भजन! मंडळात नाव तेवढं. येकली बसायची बाकड्यावं. तितं कुनी वळखीचं उतरत न्हाई."

कैलासनं पहार उचलली. "अरे, दार मोडू नकोस!" मी ओरडलो आणि टोपडं मागं केलं.

पुढचा प्रकार मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात कुणाचीच शोभा नाही. एक बाई खाली बसल्या. एका गृहस्थांनी मला हात लावून पाहिला आणि तो हात धोतराला पुसला. अंबाजी म्हणाला, "मी म्हनलो नव्हतो? काल ठणठणीत होते!" कैलासच्या हातातली पहार त्याच्याच पायावर पडली.

"काका, तुमी जित्तं हाय?"

"तुला कसा दिसतोय?"

"मग कार्डाचा कोपरा कापल्याला कशापायी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाईट बातमीच्या पत्राचा एक कोपरा कापायचा, आणि असं पत्र घरात न नेता दारातच फाडून टाकायचं, ही आपल्याकडची रीत. लहानपणी मी स्वतः असली पत्रं पाहिली आहेत. पण आता मरणसुद्धा मोबाईलवर कळतं. चाळीस वर्षांत कोपरा कापलेलं कार्ड न पाहिल्यामुळं मी साफ विसरलो होतो. बारा घरांनी कोपरा बघितला, ठळक अक्षरातलं 'कै.' बघितलं आणि कार्ड दारातच फाडलं. माझी सगळी कलाकुसर उकिरड्यात गेली.

"पण पाठवणारा म्हणून खाली माझं नाव होतं! मेलेला माणूस पत्र पाठवेल कसा?"

"तुमच्या घरचं कार्ड म्हनून वळाखलं," कैलास म्हणाला. "मावशी तर कवाच गेली. मग घरात मरायला ऱ्हायलं कोन? फोन लावला तर बंद. ताईला बी कळवलंय मी, ती निघालीय हैदराबादवरनं."

त्याच्या तर्कात मला एकही चूक काढता आली नाही. 'तिला कळव, जिवंत आहे म्हणून,' असं मी म्हणेपर्यंत अंबाजीनं फोन कानाला लावलाच होता, पण तो लागेना.

मग माणसं पांगू लागली. मयताला आलेला माणूस अंघोळीशिवाय घरी जात नाही, पण मयतच नसेल तर अंघोळ करायची की नाही, यावर दहा मिनिटं वाद झाला. चहा घ्यावा की घेऊ नये, यावर आणखी पाच. जाताना प्रत्येकजण म्हणाला, "चला, आयुष्य वाढलं तुमचं." वाढलेल्या आयुष्याचं करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. टेम्पो बांबूंसकट गेला आणि गल्ली पुन्हा रिकामी झाली.

आक्का तेवढी राहिली. तिला आत घेऊन आलो, चहा दिला. टेबलावर चिकटवही उघडीच होती.

"आक्का, ती घोरावाडीला काय करायची?"

ती चपापली. "ऐकलं व्हय तुमी?"

"ऐकलं."

"काय बी न्हाई करायची. गप बसायची."

"माझ्यामुळं?"

आक्कानं बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. "पाव्हनं, तुमी वाईट न्हाई. पर तुमी लय बोलता. ती म्हनायची, आक्का, मला गप बसाय लय आवाडतं. कान रिकामं करून आलं की घरी जाऊन पुन्ना आईकाय बरं वाटतं. तुमची कचेरीची गोष्ट अर्धी ऱ्हायली आसंल तर तितं बसून इचार करायची, फुडं काय झालं आसंल म्हनून."

मला खूप काही बोलायचं होतं. की तिनं एकदा सांगायला हवं होतं. की मी गप्प बसलो असतो. पण मी बसलो नसतो, हे मला माहीत होतं. एकेचाळीस वर्षं तिला हवी होती ती शांतता आता या घरात भरून राहिली आहे, आणि ती नाही. मी पेन्सिलीनं लिहिलेलं 'भजन' खोडलं आणि शाईनं लिहिलं: 'रतनला गप्प बसायला आवडायचं.' अक्षर वेडंवाकडं आलं. आक्कानं विचारलं काय लिवलं, तेव्हा वाचून दाखवलं. ती रडली. मीही रडलो, आणि या वेळी धुक्याचं नाव घेतलं नाही.

दारात अंबाजी आला. "भाऊ, अनिता. एअरपोर्टवरनं."

फोन कानाला लावला. ती आधी रडली, मग ओरडली, मग पुन्हा रडली. "बाबा, असं कसं करता तुम्ही? काय झालं होतं नक्की? सांगा ना."

सांगण्यासारखं भरपूर होतं. खळ होती, पंच होता, नुसरतची पट्टी होती. एरवी मी मोरचुदापासून सुरुवात केली असती. पण मी पत्रं धाडली त्या बारा जणांत या पोरीचं नाव नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. माझी बायको गेली त्या दिवशी हिची आई गेली होती. दहा महिने रोज संध्याकाळी सहा वाजता मी तिला दूधवाल्याचं सांगत होतो.

"ते राहू दे," मी म्हणालो. "अनू, आई गेल्यापासून तू कशी आहेस?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग तिनं खोल श्वास घेतल्याचं ऐकू आलं. अंबाजी खुणेनं विचारत होता, फोन कटला का? मी मान हलवून नाही म्हणालो, खुर्ची ओढून बसलो, आणि ती बोलेपर्यंत एक शब्दही काढला नाही.